नि-चौदा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौदा नंबरची रेघ चौकटीबाहेर गेली. पडद्यावर चाळीस लहान चौकटी मांडल्या होत्या, आठ-आठच्या पाच ओळी. त्यांतल्या एकोणचाळीस चौकटींत रेघ मधोमध जवळजवळ सरळ पडली होती, कुणी नखाने ओरखडा काढावा तशी. चौदाव्या चौकटीत मात्र ती वरच्या काठावर आपटत होती, खालच्या काठावर आपटत होती, आणि दोन्हीकडून टोकं कापली गेल्यामुळे तिथे रेघ म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता काळा पट्टा झाला होता. तिने चहाचा कप उचलला होता तो ओठांपर्यंत न जाता मध्येच थांबला. मग तिने तो खाली ठेवला, आवाज होऊ न देता, आणि पहिला विचार केला तो असा, की आपल्याकडून कुठेतरी एक शून्य जास्त पडलं असणार.

शून्य बरोबर होतं. तिने आज फक्त एका ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. स्क्रिप्टमध्ये तशा रेघा मारल्या की यंत्र ती ओळ वाचत नाही. ओळ तिचीच होती, चार वर्षांपूर्वीची. तेव्हा ती या प्रयोगशाळेत नवीन होती आणि इथे वर्कशीटांचा नुसता उकिरडा होता. शीट एक, शीट एक नवीन, शीट एक नवीन खरं, आणि एका फाइलीचं नाव तर ‘हेच ते’. माणसांच्या हाताची थरथर मोजायची हा इथला उद्योग. कंपवाताचे साठ रुग्ण आणि तुलनेसाठी चाळीस निरोगी माणसं. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला बोलवायचं, उजव्या हाताच्या तर्जनीला पट्ट्याने छोटासा सेन्सर बांधायचा आणि अर्धा मिनिट नोंद घ्यायची. सेकंदाला शंभर आकडे, म्हणजे एका माणसाच्या एका भेटीचे तीन हजार. तिने दोन आठवडे मान मोडून स्क्रिप्ट लिहिली. मग एक बटण दाबलं की फाइली आपल्याआपण उघडू लागल्या, प्रत्येक माणसाचं वेगळं वर्कबुक होऊ लागलं, त्यात भेटींप्रमाणे वर्कशीटं ओळीने लागू लागली, रकान्यांना नावं मिळाली, रुग्ण ‘रु’च्या फोल्डरात आणि निरोगी ‘नि’च्या फोल्डरात जाऊन बसू लागले. प्रत्येक वर्कशीटाचा आलेख निघे आणि शेवटची ती ओळ त्या आलेखाचं माप आपोआप बसवी. सगळ्यांत मोठा आकडा बघायचा, सगळ्यांत लहान बघायचा, आणि चौकट भरून जाईल असा अक्ष ताणायचा किंवा आवळायचा. कसलाही हात असो, रेघ चौकटीत नेमकी मावायची. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी, सगळ्यांना बोलावून ते दाखवलं होतं आणि म्हटलं होतं, बघा, याला म्हणतात घर आवरणं.

आज ती ओळ झाकायचं कारण अगदी किरकोळ होतं. शोधनिबंध तपासणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने लिहून पाठवलं होतं, की निरोगी गटाच्या शेवटच्या भेटीचे आलेख एकाच मापावर दाखवलेत तर वाचणाऱ्याला ताडून बघता येईल. मागणी वाजवी होती. पाच मिनिटांचं काम. चौकटीखाली फक्त क्रमांक होता, नि-१४. नावं कुठेच नव्हती, ती एका वहीत होती, वही कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅडमकडे. पण चौदा क्रमांकाचं माणूस कोण हे कळायला तिला वही उघडावी लागणार नव्हती. तो क्रमांक तिने स्वतः दिला होता. नि-चौदा तिची आई होती.

निरोगी माणसं मिळणं ही मोठी कटकट होती. रुग्ण येतात, त्यांना आशा असते. ज्याला काही झालेलं नाही तो साठीच्या पुढचा माणूस बोटाला पट्टा बांधून घ्यायला कशाला येईल? मग मॅडमनीच फर्मान काढलं की ज्याने त्याने घरातलं एक-एक माणूस आणावं. मॅडमचे सासरे आले, रखवालदाराची मावशी आली, प्रयोगशाळेतल्या काकांचे दोन मोठे भाऊ एकसारखे स्वेटर घालून आले. तिने आईला आणलं. आईने इंजिनिअरांच्या कचेरीत एकतीस वर्षं ट्रेसरचं काम केलं होतं. इंजिनिअर पेन्सिलीने आराखडा काढत, त्यावर पारदर्शक कागद ताणून आई शाईने रेघा मारी. हाताखाली पट्टी न धरता ती वीतभर सरळ रेघ ओढायची म्हणून कचेरीत तिला ‘पट्टी’ म्हणत. निवृत्त झाल्यावरही जुन्या मैत्रिणींचे फोन येत ते, काय गं पट्टी, असेच. तेव्हा आपला हात मोजणार म्हटल्यावर आई परीक्षेला बसल्यासारखी नटून आली. पहिल्या भेटीत मॅडमनी तिला चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, कोपर हलवून बघितलं आणि शिक्कामोर्तब केलं, निरोगी. पुढच्या भेटींत कुणी तपासलं नाही. निरोगी माणसाला तपासण्याची पद्धत नव्हती.

त्या पहिल्या दिवशी पडद्यावर स्वतःची रेघ बघून आईचा चेहरा पडला होता. चौकटभर नुसत्या टेकड्या आणि दऱ्या. ‘एवढा हलतो?’ आईने विचारलं होतं. तिने हसून समजावलं होतं, की हात सगळ्यांचाच हलतो, अगदी धडधाकट माणसाचासुद्धा, डोळ्यांना दिसत नाही इतकाच. हे यंत्र तो चौकटीत भरेल एवढा मोठा करून दाखवतं. मॅडमच्या सासऱ्यांचाही असाच दिसतो. आईला ते पटलं नसावं, पण पटल्यासारखी ती मान हलवून उठली. त्यानंतर दर भेटीला पट्टा सोडताना आई विचारी, यावेळी कसा? आणि ती पडद्याकडे बघून सांगे, नेहमीसारखा. ते खरंही होतं. पडद्यावर तो नेहमीसारखाच असायचा. चौकट भरलेली. शेजारी उभ्या अक्षावरचे आकडे असतात, बारीक अक्षरांत. ते कोण वाचतं.

काका खुर्ची सरकवत तिच्या टेबलापाशी आले. ते संख्याशास्त्राचं बघत आणि सगळे त्यांना मागून सरासरीकाका म्हणत, ज्याचा त्यांना राग होता, कारण ते सरासरी काढत नसत, ओळीत उभं केल्यावर मधोमध येणारा माणूस निवडत. सरासरी एका वेड्याने बिघडते, असं त्यांचं म्हणणं. मधला माणूस कधी बिघडत नाही. एक वाया गेला तरी गट वाया जात नाही. त्यांनी चष्मा वर करून चौदावी चौकट बघितली, ओठ पुढे काढले आणि पट्टा सैल राहिला असेल म्हणाले. ती म्हणाली, असेल. काकांना गप्प बसवेना.

‘इतका हात हलतो म्हणजे हा गृहस्थ कुणाला तरी टाटा करतोय,’ ते म्हणाले. ‘नि म्हणजे निरोगी की निरोप, ते एकदा ठरवून टाका.’

ती हसली. हसणं आधी बाहेर पडलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हसलो. काकांनी खूश होऊन खुर्ची परत नेली, आणि ती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली. गालांचे स्नायू अजून तसेच वर ओढलेले होते, ते खाली कसे आणायचे हे तिला आठवेना. पट्टा सैल नव्हता. पट्टा तिनेच बांधला होता, दुसऱ्या भोकात, आणि खाली बोट सरकवून बघितलं होतं. तरी तिने एकेक शक्यता खोडून काढायला घेतली, तेवढं एक तिला येत होतं. सेन्सर बदलून बघायला नको, कारण त्याच दिवशी त्याच सेन्सरवर नि-तेरा आणि नि-पंधरा झाले होते आणि ते सपाट होते. वायर ओढली गेली तर रेघ एकदा उडी मारून खाली येते, अशी तीस सेकंद एका लयीत वरखाली होत नाही. तिने एक सेकंद मोठा करून टेकड्या मोजल्या. पाच. पुढच्या सेकंदात पाच. त्याच्या पुढच्यात पाच. सेकंदाला पाच हा कंपवाताचा आकडा या खोलीत नव्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात पाठ होतो.

मग तिने स्क्रिप्टमध्ये आणखी चार ओळी घातल्या. चौदा क्रमांकाची आठही वर्कशीटं एका खाली एक, एकाच मापावर. बटण दाबण्याआधी तिने खिडकी बंद केली, खिडकीतून काहीच येत नव्हतं तरी. पहिली भेट सपाट. दुसरी सपाट. तिसरी सपाट, म्हणजे सपाट म्हणता येईल अशी. चौथ्या भेटीत रेघेला बारीक कंगोरे आले होते. पाचवीत ते कंगोरे एकसारखे झाले होते, कातरलेल्या काठासारखे. सहावी, सातवी. आठवी चौकटीत मावत नव्हती. मांडणीत तसूभर चूक नव्हती. क्रम बरोबर, तारखा बरोबर, रकान्यांच्या माथ्यावर एककं बरोबर. इतकं नीट आवरून ठेवलेलं की त्यात कधी काही शोधायची वेळच आली नव्हती.

आणि ती प्रत्येक वेळी तिथे होती. मापनाची खोली म्हणजे एक खुर्ची, खुर्चीला रुंद हात, समोर घड्याळ. माणसाने हात सैल सोडून बसायचं आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायचं, म्हणजे मन तिकडे गुंततं आणि हात आपल्या स्वभावाला येतो. आई फटाफट म्हणायची. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. या वेळी अठ्ठावन्नपाशी आई अडली होती, आणि तिला वाटलं होतं, आईचं वय झालं. हाताकडे तिने बघितलं नव्हतं, कारण बघायचं नाही असा इथला नियम. कुणी बघतंय म्हटलं की निरोगी हातही थरथरायला लागतो, नोंद बिघडते. म्हणून बांधणाऱ्याने घड्याळाकडे बघायचं, वायरकडे बघायचं, फार तर माणसाच्या खांद्याकडे. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी तीच शिकवी. तिला त्याची इतकी सवय झाली होती की दुकानात सुटे घेतानाही ती समोरच्याच्या खांद्याकडे बघे. आईशी जेवताना ती कुठे बघत असे? तिने आठवून बघितलं. आईच्या स्वेटरचा खांदा डोळ्यांपुढे आला, उसवलेल्या शिवणीसकट. हात आला नाही. टेबलावर ताट होतं, ताटाशी हात असणारच, पण तिथे काही नव्हतं, जुन्या फोटोवर पाणी सांडून तेवढाच भाग पुसला जावा तसं.

दुसरं आठवू लागलं ते न बोलावता. गेल्या वर्षी तिने चष्मा बदलला होता, कारण फ्रिजवरची आईची यादी वाचता येईना. मीठ, साबण, सुया, अक्षरं मुंग्यांएवढी झाली होती, ओळीच्या शेवटी तर टिंबं. एकतीस वर्षं जिने आराखड्यांवर छापल्यासारखी अक्षरं घातली तिचं अक्षर बारीक झालं, आणि लेक स्वतःचे डोळे तपासून आली. चष्मेवाला म्हणाला होता की नंबर फारसा वाढलेला नाही. तिने तरी काचा बदलून घेतल्या. रस्त्याने चालताना ती आईसाठी सावकाश चालू लागली होती, आणि मग आणखी सावकाश. सिग्नलला एकदाऐवजी दोनदा थांबायचं हे त्यांच्यात कधी न बोलता ठरून गेलं होतं. आईचा आवाज बसल्यासारखा झाला तेव्हा तिने रेडिओ हळू केला. प्रत्येक वेळी थोडं थोडं, सगळं आपोआप बसत गेलं होतं, आणि बसलं की नेहमीसारखं दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी ती मॅडमच्या खोलीत गेली. आठ चौकटींचा कागद छापून बरोबर घेतला होता. मॅडमनी तो उभा धरला, आडवा धरला, आणि कामाच्या माणसासारखं लगेच पुढचं बोलायला लागल्या. असं होतं अधूनमधून, त्या म्हणाल्या, चाळिसांत एखादा निरोगी पुढे रुग्ण निघायचाच, पहिल्या निबंधात त्याची शक्यता आपण लिहिली होती. चौदाला वगळायचं, एकोणचाळिसांवर गणित पुन्हा करायचं, काकांना सांगा, मधल्या माणसात काही फरक पडणार नाही. आणि त्या माणसाला रीतसर पत्र पाठवून बोलावून घ्यावं लागेल. वहीतून पत्ता काढते. त्या उठून कपाटाकडे जायला लागल्या.

‘पत्ता माझाच आहे,’ ती म्हणाली. ‘आई आहे माझी.’

मॅडमनी किल्ली परत खिशात टाकली. त्या बसल्या नाहीत. कागद पुन्हा उचलून त्यांनी चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तिथून पुढे मोजलं. तुम्ही एकाच घरात राहता ना, असं त्यांनी विचारलं, आवाजात ओरखडा न ठेवता. ती हो म्हणाली. मग तिला वाटलं की काहीतरी सांगायला हवं, आणि जे सुचलं ते ती बोलून गेली.

‘हाताकडे बघायचं नाही, असं आपण...’

‘ते मोजताना,’ मॅडम म्हणाल्या.

त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं, आणि डॉक्टर जे सांगतात ते सगळं सांगितलं, जे त्या इतरांच्या नातेवाइकांना सांगताना तिने दाराआडून शंभर वेळा ऐकलं होतं. औषधाने रोग थांबला नसता. आधी कळलं असतं तरी तो इथवर आलाच असता, यात कुणाचा दोष नाही. ती ऐकत राहिली, कारण पुढे ‘पण’ येतं हे तिला माहीत होतं. पण हात हलका राहिला असता, मॅडम म्हणाल्या. बटणं लावणं, लिहिणं, कुशीवर वळणं. ही दोन-अडीच वर्षं जरा सोपी गेली असती. बोलून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो तिला परत द्यावा की ठेवून घ्यावा हे न कळून मधेच धरून ठेवला. ती घरी जाते म्हणाली. स्क्रिप्टमधली ओळ तिने पूर्ववत केली नाही, झाकलेलीच राहू दिली. पडदा विझवला. काका डबा उघडत होते, त्यांनी लवकर का म्हणून विचारलं, तर ती डोकं दुखतंय म्हणाली, आणि जिना उतरताना खरोखरच दुखायला लागलं.

दुपारी या रस्त्याला ती कधी आलेली नव्हती. उन्हात दुकानांच्या पायऱ्या रिकाम्या होत्या, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, बसच्या थांब्यावर एक बाई बाळाच्या पाठीवर थोपटत होती. थोपटणारा हात ती बघत राहिली. मग शिडीवरचा हात. मग तिकीट फाडणाऱ्याचा. सगळे हात बिनबोभाट आपापलं काम करत होते आणि तिला एकदम शिसारी आली, त्यांची नव्हे, आपल्याला आता हे दिसतंय याची. बसमध्ये ती मनात वाक्य जुळवू लागली. आई, तुझ्या आलेखात काहीतरी आलंय. नको, ‘काहीतरी’ नको. आई, मॅडमना तुला एकदा बघायचंय. त्यात ‘एकदा’ खोटं होतं. मग तिने एका खाली एक वाक्यं रचली, आणि प्रत्येकाच्या शेवटी आईचा प्रश्न उभा होता, कधीपासून? त्याचं उत्तर तिच्याकडे अचूक होतं, तारखेसकट.

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पाठमोरी. घरात कुणी नाही अशा निर्धास्तपणे बसली होती. उजवा हात मांडीवर होता आणि तो हलत होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, कसलीशी गोळी वळत असल्यासारखा, सेकंदाला पाच. आईचं तिकडे लक्ष नव्हतं; ती समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघत होती, आणि हात आपला वेगळा, पाळलेल्या जनावरासारखा, तिच्या मांडीवर खेळत होता. दाराचा आवाज आईच्या कानांवर उशिरा गेला. मग तिने वळून बघायच्या आधी तो हात उचलून मांडीखाली घेतला, सवयीने, न चाचपडता. मग वळून बघितलं. किल्ली अजून दारातच होती.

‘आज सांगायचं ठरवून आलीस वाटतं,’ आई म्हणाली.

तिने किल्ली काढली, दार लावलं, चपला जागेवर ठेवल्या. एवढ्या वेळात बसमधलं एकही वाक्य हाती लागेना. ती समोर स्टुलावर बसली. आईने हात मांडीखालून काढला आणि तो पुन्हा हलू लागला. आईने त्याला हलू दिलं. मग आईच बोलू लागली, बसक्या आवाजात, थांबत थांबत, बऱ्याच दिवसांचं साठलेलं एकदाचं उघडावं तशी. तिसऱ्या की चौथ्या वेळेला यंत्राच्या खोलीत बसले होते, आई म्हणाली, तेव्हा माझं मला कळलं, पट्टा हलत होता बोटावर. आता ही सांगेल म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू म्हणालीस, नेहमीसारखा. घरी येताना रडू आलं मला बसमध्ये, तू खिडकीकडे होतीस. तुझं यंत्र केसाएवढंही सोडत नाही हे मला माहीत नाही का. मग म्हटलं, हिला कळलंय आणि ही बोलत नाहीये, तर आपणही बोलायचं नाही.

‘आई,’ ती म्हणाली.

‘थांब गं, होऊ दे माझं.’ आईने दुसरा हात वर करून तिला थांबवलं. ‘ती खांद्याची पर्स आणलीस, चेनवाली. जुन्या पर्सचं टिचबटण मला उघडत नव्हतं. एका अक्षराने न विचारता आणलीस. मोठ्या बटणांचा स्वेटर आणलास. मोठ्या कानाचा कप आणलास, दोन बोटं जातील असा. मी रोज बघत होते की नाही?’

पर्स दुकानातल्या बाईने गळ्यात मारली होती, दुसरा रंग नव्हता म्हणून काळी. स्वेटरवर निम्मी किंमत होती, मापाचा तेवढा एकच उरला होता. कप तिचा स्वतःचा होता, प्रयोगशाळेत कुणीतरी निवृत्त होताना वाटलेला, तो घरी आला आणि राहिला. तिला प्रत्येक वस्तूचा दिवस आठवत होता, आणि त्या प्रत्येक दिवशी तिच्या मनात आई सोडून बाकी सगळं होतं, घाई, पाऊस येईल का, मागच्या शनिवारी काकांनी केलेली एक चूक. मी बघितलंच नव्हतं. तीन शब्द होते. ते तोंडापर्यंत आले होते, जिभेला त्यांची चव लागत होती, धातूसारखी. ते बोलली असती तर आईच्या चार वर्षांतून ती पर्स, तो स्वेटर, तो कप एकदम उठून गेले असते, आणि मग आई त्या खोलीतल्या खुर्चीवर एकटी उरली असती, अठ्ठावन्नपाशी अडलेली, आणि समोर घड्याळाकडे बघत उभी असलेली मुलगी. आणि न बोलली तर? तर आपल्याला जे कधी सुचलं नाही ते आपल्या नावावर आयुष्यभर जमा राहणार, आणि दर वेळी कप उचलताना आई ते आठवणार. यांपैकी कमी वाईट कोणतं, हे कुठल्या मापावर बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

‘डॉक्टरांकडे नेलं असतंस तर त्यांनी गोळ्या दिल्या असत्या, मी म्हातारी झाले असते,’ आई म्हणाली. ‘बरं केलंस. मी चार वर्षं तुमच्या निरोगी लोकांत बसले.’

ती गप्प राहिली. गप्प राहण्याचा क्षण आला तसा गेला, आणि गेल्यावर लक्षात आलं की निवड झालेली आहे. आईने सुस्कारा टाकला, ओझं उतरवून ठेवल्याचा, आणि खुर्चीत जरा सैल झाली. तिला बोलायचंच होतं. दादाला इतक्यात कळवू नकोस म्हणाली, तो आभाळ कोसळल्यासारखं करेल. मैत्रिणींना ती स्वतः सांगणार होती, त्यांतल्या एकीला तर हल्ली समोरच्याचं नावच आठवत नाही, म्हणजे फिट्टंफाट. ती स्वतःच हसली. मग जरा लाजल्यासारखी होऊन म्हणाली, की आता लपवायचं राहिलं नाही तर एक काम कर. नखं काढून दे. कितीतरी दिवस ती कानशीने घासून निभावत होती, दाराच्या कडीलाही घासली होती एकदा, कुणाला सांगू नकोस.

तिने नेलकटर आणलं, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आईचा उजवा हात हातात घेतला. तो वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि त्याच्या आत एक मोटार चालू असल्यासारखं काहीतरी फिरत होतं, जे तिच्या मनगटापर्यंत येऊन पोचलं. नखं वेडीवाकडी होती, एक मुळापाशी चिरलेलं. घट्ट धर, आई म्हणाली, घट्ट धरलं की थांबतो जरासा. तिने घट्ट धरलं. हात खरंच थांबला, एखाद्या पाहुण्याने आवाज ऐकून कान द्यावा तसा. तेवढ्यात तिने अंगठ्याचं नख काढलं. मग तो पुन्हा सुरू झाला. पुन्हा धरलं, पुन्हा थांबला. असं पाच वेळा. आई समोरच्या गच्चीवर बघत सांगत होती की त्या घरातली बाई चादरी किती वाईट पिळते, आणि ती हं हं करत एकेक नख कागदावर पाडत होती.

‘झालं?’ आईने विचारलं, आणि तो हात मांडीवर ठेवून दुसरा पुढे केला, डावा. तो कधी कुणी मोजलेला नव्हता. अभ्यास उजव्या हाताचा होता. तिने तो तळव्यावर घेतला, तेव्हा तो अगदी स्वस्थ दिसत होता. तिने नेलकटर लावलं नाही. वाट बघितली. मग तिच्या तळव्याला ते लागलं, फार बारीक, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, एक, दोन, तीन, चार, पाच.

‘काय गं?’ आई म्हणाली.

‘काही नाही,’ ती म्हणाली, आणि करंगळीपासून सुरुवात केली.